गाळ खाली बसेपर्यंत

११ फेब्रुवारी

हे घरी आले. एवढं एकच वाक्य लिहून वही मिटावी असं वाटतंय, पण लेकीने वही आणून दिली ती त्यासाठी नाही. ती म्हणाली, "आई, बाबांना आता आराम हवाय. तुला त्यांना जे काय बोलायचं असेल ते आधी ह्यात लिही. लिहून झाल्यावरही बोलावंसं वाटलं तर मग बोल." पोटची पोर, पण सल्ले सासूचे.

तर लिहिते. हृदयाच्या एका नळीत जाळी बसवली आहे. डॉक्टर मला कागदावर चित्र काढून समजावत होते, ही नळी, हा अडथळा, हा दाब. मी म्हटलं, डॉक्टर, आम्ही दोघंही पाणीपुरवठ्यात आहोत, एवढं आम्हाला समजतं. ते हसले. मग हसू आवरून म्हणाले, "महिनाभर घरी. आणि त्यानंतर रात्रपाळी बंद. कमी नाही, बंद."

हे खाटेवरून म्हणाले, "पाण्याला रात्र कळत नाही हो डॉक्टर."

"हृदयाला कळते," डॉक्टर म्हणाले.

मला डॉक्टर फार आवडले.

१४ फेब्रुवारी

रात्रपाळी बंद म्हणायला सोपं आहे. करायची कोणी?

आमच्या जलशुद्धीकरण केंद्राला आम्ही नुसतं 'फिल्टर' म्हणतो. मी तिथल्या प्रयोगशाळेत, नमुने तपासायला. हे ऑपरेटर. नदीचं पाणी किती गढूळ आलंय ते बघायचं, त्यात तुरटी किती सोडायची, आतले वाळूचे फिल्टर कधी धुवायचे, क्लोरीन किती द्यायचं, ते सगळं पाळीवरच्या ऑपरेटरने ठरवायचं. शिकलेला ऑपरेटर हजर नसेल तर फिल्टर चालवायचा नाही, आणि फिल्टर बंद म्हणजे शहर कोरडं. पूर्वी सात जण होते. एकेक निवृत्त झाला आणि नवीन कोणी आलंच नाही. आता तिघं उरलेत. हे, वर्षाअखेर निवृत्त होणारे अण्णा आणि धाकटा. धाकट्याचं वय एक्कावन्न. सगळ्यांत लहान म्हणून तो अजून धाकटाच.

आज मोठ्या मॅडमनी बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या इंजिनियर. वयाने आमच्या लेकीपेक्षा लहान, हुद्द्याने सगळ्यांच्या वर. मला काकू म्हणतात आणि काकूंना न झेपणारी कामं देतात.

"काकू, मुख्यालय आपल्याला प्रशिक्षणाचा वर्ग द्यायला तयार आहे. मार्चअखेर आठ अर्ज पक्के व्हायला हवेत. पक्के म्हणजे अर्ज करणाऱ्याने एक पूर्ण पाळी इथे बसून काढली पाहिजे. आठ झाले नाहीत तर वर्ग दुसऱ्या शहराला जाईल, आणि पुढची दोन वर्षं आपल्याला काही नाही."

"मग मी काय करू?"

"वस्त्यांमध्ये जा, शाळांमध्ये जा. लोकांना आपलं काम सांगा. तुम्ही बोलता छान."

फार बोलते असं तोंडावर म्हणता येत नाही, म्हणून लोक छान म्हणतात. पण दोन वर्षं ऐकल्यावर मी हो म्हणून टाकलं. ह्यांनी आणखी दोन वर्षं रात्री जागून काढल्या तर काय होईल ते मी लिहिणार नाही.

घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, "कोण येणार? मी तरी कुठे ठरवून आलो होतो? हंगामी म्हणून लागलो, कोणी जा म्हणेना म्हणून राहिलो." आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

२० फेब्रुवारी

पहिली सभा. बाजारामागच्या सभागृहात. खुर्च्या भरलेल्या बघून मी खूश झाले. मग नीट बघितलं तर प्रत्येकाच्या हातात बाटली. कुणाचं पाणी पिवळं, कुणाच्या पाण्यात काहीतरी वळवळतंय, आणि एक आजोबा तर घरचा नळच काढून घेऊन आलेले. बाहेर फलक लावला होता, 'पाणीपुरवठा विभागाचा नागरिकांशी संवाद'. लोकांना वाटलं, तक्रारी ऐकायला आलेत.

आणि मी तरी काय करावं? पाणीखात्यातल्या माणसासमोर चार माणसं जमली की त्याच्या तोंडून आपोआप एकच वाक्य बाहेर पडतं. मी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. संध्याकाळपर्यंत पुरवठा सुरळीत होईल."

पुरवठा सुरळीतच होता. पण लोकांना वाटलं, आता बंद होणार. अर्धं सभागृह बादल्या भरायला घरी पळालं. उरलेल्यांनी मला घेरलं. आजोबांनी नळ माझ्या नाकासमोर धरून तो कसा गळतो ते कोरड्या नळावर करून दाखवलं.

तक्रारी पिशवीभर, अर्ज शून्य. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हे पोट धरून हसले. मी ओरडले, हसू नका, जोर पडेल. मग मलाही हसू आवरेना. दिवस वाया गेला असं म्हणवत नाही.

२८ फेब्रुवारी

आता नुसतं बोलायचं नाही, करून दाखवायचं असं ठरवलं. प्रयोगशाळेतली चार मोठी काचेची भांडी घेतली, ज्यांना आम्ही जार म्हणतो. त्यात गढूळ पाणी भरायचं, प्रत्येकात तुरटी कमीजास्त घालायची, ढवळायचं आणि कुठलं सगळ्यांत नितळ होतं ते बघायचं. रोजचं काम आहे, पण बघायला झकास. माती ह्यांनी कालवून दिली. नदीच्या पाण्याचा असतो अगदी तोच रंग यायला हवा म्हणून किती वेळ बादलीपाशी उकिडवे बसले होते. आराम म्हणतात ह्याला.

तंत्रशाळेत दोनशे पोरं. मी तुरटी घातली, ढवळलं, नासलेल्या दुधासारखे पुंजके धरायला लागले तशी पोरं पुढे सरकली. मग मी म्हणाले, "आता हलवायचं नाही. अर्धा तास नुसतं थांबायचं. गाळ आपोआप खाली बसतो."

अर्धा तास! मुख्याध्यापकांनी घड्याळ बघितलं. पोरांनी मोबाइल काढले. बघता बघता मैदान रिकामं. गाळ खाली बसला, वर पाणी काचेसारखं झालं, आणि ते बघायला उरले कोण? शाळेचा पहारेकरी, कॅन्टीनमध्ये भांडी घासणारी एक बाई, आणि पोरांना ने-आण करणाऱ्या व्हॅनची ड्रायव्हर. ज्यांना जायला जागा नव्हती ते थांबले.

व्हॅनवालीने विचारलं, "बाई, हा खाली बसलेला गाळ पुढे कुठे जातो?"

"काढून सुकवतात," मी भांडी आवरत म्हणाले.

"आणि मधेच हात लावला तर?"

"तर परत गढूळ."

"म्हणजे हात न लावता लक्ष ठेवायचं," ती म्हणाली. मी हो हो म्हटलं आणि तिला टेबलाचं दुसरं टोक धरायला लावलं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं की पार फज्जा उडाला. ह्यांनी एवढंच विचारलं, "थांबलं कोण?"

"कोण थांबणार? रिकामटेकडे."

"गाळाचं कोणी विचारलं?"

"ती व्हॅनवाली विचारत होती काहीतरी."

हे "हं" म्हणाले. ह्यांच्या एका 'हं'चा अर्थ लावण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं.

७ मार्च

जिंकले! आज बाजारचौकात प्रयोग केला, पण ह्या वेळी डोकं चालवलं. नितळ झालेला जार घरूनच भरून नेला आणि टेबलाखाली ठेवला. वर ढवळलं, पुंजके दाखवले आणि "हे बघा!" म्हणून खालचा जार वर काढला. टाळ्या! फोटो! तरण्या पोरापोरींनी टेबलाभोवती कोंडाळं केलं. बावीस अर्ज आले. बावीस! मॅडमनी मला फोनवर "काकू, तुम्ही ग्रेट आहात" म्हटलं. जिवात जीव आला.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तयार जार नेलास?"

"हो."

"मग त्यांनी काय बघितलं?"

"स्वच्छ पाणी बघितलं!"

"ते तर त्यांना रोज नळाला दिसतं."

कौतुकाचा एक शब्द काढतील तर शपथ. पण मी चिडले नाही. आज कोणावरच चिडावंसं वाटत नाही.

१२ मार्च

महिना संपला आणि हे कामावर गेले. दिवसपाळीच करणार असं ठरलं होतं. पण धाकटा तापाने फणफणलाय आणि अण्णा सलग दोन पाळ्या करून उभ्या उभ्या पेंगताहेत. संध्याकाळी हे डबा मागायला आले तेव्हाच मी समजले. "एकच रात्र," म्हणाले. ही एकच रात्र किती रात्रींची असते ते मला ठाऊक आहे. लेकीला सांगितलं नाही. ती तिच्या गावाहून फोनवर रडेल, आणि मी इथे तिची समजूत काढत बसेन.

१६ मार्च

काल बावीस जण पाळीला बसायला आले. काय एकेक कपडे! एकीने तर गॉगल लावला होता. मॅडमनी स्वागत केलं, सगळं फिरवून दाखवलं, मग सगळे खुर्च्यांवर बसले. आणि बसून राहिले. पाणी येतंय, पाणी जातंय. काटा जागचा हलत नाही. जेवायच्या सुट्टीपर्यंत निम्मे गायब. त्यांतल्या एकाने जाता जाता विचारलं, "काकू, इथे कधी काही होतं का?"

मी ताठ मानेने सांगितलं, "गेल्या अकरा वर्षांत काहीही झालेलं नाही."

तो त्याच पावली बाहेर पडला.

संध्याकाळी फक्त दोघं उरले. त्यातला एक झोपलेला होता. दुसरा बाजारातल्या जुन्या इमारतीतला लिफ्टवाला. त्याला विचारलं, तू कसा रे थांबलास? म्हणाला, "इथे निदान खिडकी आहे."

म्हणजे इतकं करून एकच अर्ज पक्का. पालथ्या घड्यावर पाणी. अर्धा मार्च संपला.

आणि आज सकाळी हे पाळीवरून आले ते जिन्यात बसले. मधल्याच पायरीवर. मला भाजी चिरताना बुटांचा आवाज आला, मग आलाच नाही. मी धावत गेले तर भिंतीला टेकून बसलेले, कपाळावर घाम. "काही नाही, दम लागला जरा." डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर ह्यांना काही बोलले नाहीत, मलाच बोलले. सगळं ठीक आहे, पण पुढच्या वेळी असेलच असं नाही. ते वाक्य दिवसभर कानात बसलंय.

घरी आल्यावर मी लिहायच्या आधीच बोलले. लेकीचा नियम मोडला. म्हटलं, "तुम्हाला तिथून सुटायचंच नाहीये. कोणी आलं नाही तर बरंच, असं वाटतं तुम्हाला. मी मरमर मरतेय आणि तुम्ही 'हं' करताय!"

हे खाटेवर बसले. मग म्हणाले, "मला भीती वाटते गं."

"कशाची? परत दुखेल ह्याची?"

"नाही. घरी बसलो आणि तिकडे पाण्याचं काही बिघडलं, तर मी कुठे जाऊ?"

इतक्या वर्षांत ह्यांनी भीती हा शब्द माझ्यासमोर काढला नव्हता. मला काय बोलावं सुचेना. मी, आणि सुचेना! चहा केला.

१८ मार्च

धाकट्याचा ताप उतरला, म्हणून हे आज रात्री घरी होते. जेवताना ह्यांनीच विषय काढला. "लिफ्टवाला का थांबला असेल?"

"खिडकी आहे म्हणाला."

"त्याला थांबायची सवय आहे. पोटापाण्यासाठी दिवसभर तेच करतो."

माझा घास हातातच राहिला. मला तंत्रशाळेतला पहारेकरी आठवला. ती भांडीवाली, ती व्हॅनवाली. ते तिघं रिकामटेकडे नव्हते, काम करता करताच थांबले होते. आणि मी त्यांना टेबल उचलायला लावलं! कुठे तोंड लपवू असं झालं. हे त्या दिवशीच विचारत होते, थांबलं कोण म्हणून. सरळ सांगायचं ना माणसाने! ताकास तूर लागू द्यायची नाही हा ह्यांचा जन्माचा स्वभाव.

"परत जार घेऊन जा," हे म्हणाले. "पूर्ण अर्धा तास ठेव. आणि मधे बोलू नकोस. बसशील गप्प?"

"बसेन."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू आता डॉक्टरांकडे मलाच न्यायला हवं.

२३ मार्च

आता मी शाळा, सभागृहं सोडून दिली. जिथे माणसं कामासाठी थांबून असतात तिथे जाते. व्हॅन उभ्या राहतात तो शाळेमागचा रस्ता. दवाखान्यातला आयांचा बाक. पहारेकऱ्यांची पाळी बदलते ती टपरी. एक स्टूल, त्यावर एक जार. तुरटी घालते, ढवळते, आणि गप्प बसते. पहिल्या दिवशी जीभ चावून चावून दुखायला लागली.

पण माणसं येतात. बोलवावं लागत नाही. येतात, उकिडवी बसतात, बघतात. कोणी टाळ्या वाजवत नाही. दवाखान्यातली एक आया पूर्ण वेळ बसली आणि शेवटी म्हणाली, "रात्री पेशंटजवळ असंच बसतो आम्ही. श्वास बघत." एका पहारेकऱ्याने विचारलं, "तुमच्या कामात खुर्ची मिळते?" मिळते म्हटल्यावर त्याने तिथल्या तिथे अर्ज भरला.

व्हॅनवाली भेटली. मी आधी त्या दिवसाची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी कसली बाई? मी रोज दप्तरं उचलते, टेबल काय जड!" मग जारकडे बघत म्हणाली, "आज घाई नाही ना तुम्हाला?" तिची मुलगी सहावीत आहे, रात्री आजीजवळ झोपते, त्यामुळे रात्रपाळीची अडचण नाही. दहावी पास आहे, गणित चांगलं होतं म्हणाली. मग स्वतःच लाजली.

२९ मार्च

झालं. काल दहा जण पाळीला बसले, संध्याकाळी दहाच्या दहा उठले. वेळेआधी आले होते, डबे घेऊन. कोणी कंटाळा आला म्हणालं नाही. आया तर म्हणाली, "किती शांत आहे हो इथे, कोणी कण्हत नाही." लिफ्टवाला धरून अकरा अर्ज पक्के. मॅडमनी दोनदा मोजले आणि मला मिठी मारली. मी प्रयोगशाळेत गेले, नळ सोडला, जार धुवायला घेतला आणि मनसोक्त रडले. किती दिवसांचं साठलं होतं कोण जाणे. सुटल्यासारखं वाटलं.

वर्ग मिळाला. वर्ग चालू आहे तोवर, म्हणजे ऑगस्टअखेरपर्यंत, मुख्यालय एक ऑपरेटर उसना देणार आहे. तोवर ह्यांना दिवसपाळी, वर शिकवायचं काम. तेवढ्यात एक जरी शिकून तयार झालं तर ह्यांची रात्र कायमची सुटली. नाही झालं तर उसना माणूस परत जाईल आणि हे पुन्हा डबा मागतील.

हे मात्र बातमी ऐकल्यापासून नीट जेवले नाहीत. आनंदाची बातमी आणि चेहरा सुतकी. औषधांमुळे असेल. डॉक्टरांना विचारायला हवं.

१९ जून

बरेच दिवस लिहिलं नाही, म्हणजे सगळं बरं चाललंय. हे रात्रीचे घरी असतात. घोरतात. तो आवाज मला आता गाण्यासारखा वाटतो.

वर्गातले चौघं गळाले, सात टिकून आहेत. ह्यांची रोजची तक्रार व्हॅनवालीबद्दल. "प्रश्न फार विचारते."

"मग द्या की उत्तर."

"देत नाही. म्हणतो, बघ आणि सांग. दुसऱ्या दिवशी येते तीच उत्तर घेऊन."

"चांगलं आहे मग!"

"अजून कळत नाही तिला," असं म्हणून हे पुढची पाऊण घटका फक्त तिच्याबद्दलच बोलतात. कुठल्या फिल्टरच्या आवाजावरून तिने काय ओळखलं, तुरटी कमी करायची हे ह्यांच्या आधी कसं म्हणाली. आणि शेवटी परत, "पण अजून कळत नाही."

बिचारी. एवढी मेहनत करते, आणि काहीतरी कमी पडतंय तिच्यात. ह्यांची नजर चुकायची नाही.

११ ऑगस्ट

परीक्षेचा निकाल लागला. व्हॅनवाली पहिली, आया दुसरी. मॅडम म्हणाल्या, काका, आता हिला एकटीला पाळी देऊ या. ह्यांची संमती लागते, त्याशिवाय नाही. हे म्हणाले, "परीक्षा वेगळी, पाणी वेगळं. आणखी थोडं बघू."

मला काळजी वाटायला लागलीये. ऑगस्ट संपायला वीसच दिवस उरलेत. मी व्हॅनवालीला बाजूला घेऊन विचारलं, "तुझं कुठे अडतंय गं? सांग, मी मदत करते." ती माझ्याकडे बघून हसली. "अडत नाहीये काकू. काकांना वेळ लागतोय. लागू दे की." काय बोलते, तिलाच कळत नसावं. वेळ हिला लागतोय की ह्यांना?

२४ ऑगस्ट

आज वरच्या बाजूला कुठेतरी नदीचा काठ ढासळला आणि तासाभरात पाणी चहाच्या रंगाचं झालं. माझ्याकडे नमुना आला तो मी दोनदा तपासला. पाळीवर हे आणि व्हॅनवाली. मी नमुन्याचे आकडे घेऊन पळत गेले तर ती तुरटी कमीजास्त सोडायच्या चाकाशी उभी, हे तिच्या मागे. हात पाठीमागे बांधलेले. एक हात दुसऱ्या हाताने इतका घट्ट धरलेला की बोटं पांढरी पडली होती.

मी आकडे सांगितले. तिने चाक थोडं फिरवलं. मग थांबली. मला वाटलं, अगं फिरव ना अजून! तोंडापर्यंत आलं होतं. ह्यांनी पाठीमागचे हात सोडले नाहीत. ती बघत राहिली, मग आणखी थोडं फिरवलं, आणि परत थांबली. दुपारपर्यंत टाकीतून नितळ पाणी पडायला लागलं. शहरात कुणाला पत्ताही नाही.

घरी येऊन हे पायरीवर बूट न काढताच बसले. मी जवळ गेले. "दुखतंय का?"

"नाही गं. मी आज काही केलं नाही."

"बरं वाटत नव्हतं?"

"करण्यासारखं काही उरलंच नव्हतं," म्हणाले. आणि डोळे पुसले. मी खोदून विचारलं नाही. मग उठून स्वतःच मॅडमना फोन लावला, "एक तारखेपासून द्या तिला रात्रपाळी. एकटीला. हो, एकटीला."

देवासारखी माणसं असतात असं म्हणतात, आज मला सगळेच तसे दिसताहेत. मॅडम, व्हॅनवाली, तो लिफ्टवालासुद्धा.

२ सप्टेंबर

काल तिची पहिली रात्र. हे लवकर जेवले, लवकर आडवे झाले. मी मुद्दाम ह्यांचा फोन माझ्या उशाशी ठेवला. पहाटे जाग आली तर शेजारची जागा रिकामी. स्वयंपाकघर बघितलं, न्हाणीघर बघितलं. बूट नव्हते. म्हटलं, फिरायला गेले असतील, डॉक्टरांनी सांगितलंय. पण जीव थाऱ्यावर नव्हता.

उजाडल्यावर आले. चेहरा लेक झाली तेव्हा बघितला होता तसा.

"कुठे होतात?"

"फिल्टरवर गेलो होतो. म्हटलं, एक नजर टाकून येऊ."

"अहो! डॉक्टरांनी..."

"ऐक तरी. मी दारात गेलो. ती आतून आली. मला म्हणाली, काका, फिल्टर धुवायला लावलाय, आत्ता पाळीवर नसलेल्या माणसाला आत घेता येत नाही. मी म्हटलं, अगं, मी आहे. ती म्हणाली, दिसताय. पाळी माझी आहे. घरी जा आणि झोपा."

"असं म्हणाली?"

"असं. आणि आतून कडी लावली."

मला असा संताप आला! म्हटलं, तुम्ही शिकवलंत तिला. तळहाताच्या फोडासारखं जपून शिकवलंत. आणि ती तुम्हाला दारातून परत पाठवते? माझ्या नवऱ्याला? भेटू दे, चांगली खरडपट्टी काढते तिची. असं कोणी वागतं का मोठ्यांशी?

हे हसायला लागले. "कडी लावली गं," पुन्हा म्हणाले, "विचारसुद्धा केला नाही. अशी लावली," आणि हवेत हात फिरवून कडी लावून दाखवली. मला ह्यात हसण्यासारखं काय आहे ते अजूनही कळलेलं नाही. इतका अपमान होऊन माणूस एवढा खूश कसा?

मग बसून पोटभर जेवले, सकाळी सकाळी. मी वाढत होते आणि हे मागत होते. कित्येक महिन्यांत असे जेवले नव्हते. आणि जाऊन झोपले.

मघाशी लेकीचा फोन आला. "बाबांना दे."

"झोपलेत."

"आत्ता? दिवसा? बरे आहेत ना?" तिचा आवाज चढला.

मी फोन घेऊन खोलीच्या दारात गेले. हे उताणे झोपले होते, तोंड उघडं, एक हात खाटेखाली लोंबलेला. छाती वर जात होती, खाली येत होती, सावकाश. घाई नव्हती. मी किती वेळ बघत उभी राहिले कोण जाणे. फोनवर लेक ओरडत होती, "आई? आई, बोल ना! काय झालंय?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "नुसते झोपलेत."